ज्वारीच्या एका रकान्यात काय काय कोंबलंय

[पडद्यावर: मोबाइलवर बाजारभावाचा तक्ता, बोट हळूहळू खाली सरकतंय]

हे बघा, ज्वारीचे भाव. राज्यातल्या बाजार समित्यांचे भाव रोज असे ऑनलाइन येतात, रकाने सगळे ओळखीचे, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. आणि मध्येच एक रकाना आहे, जात/प्रत. आज आपल्याला या एकाच रकान्यात थांबायचंय, कारण खाली खाली जात राहिलं की त्यात दिसतं: मालदांडी, दादर, शाळू, हायब्रीड, पांढरी, रब्बी, लोकल.

शेतकऱ्याला यात काहीच खटकणार नाही, त्याला कळतं. पण नीट बघा की, मालदांडी हे वाणाचं नाव, पांढरी हा दाण्याचा रंग, रब्बी हा हंगाम, हायब्रीड म्हणजे बियाणं कसं तयार केलंय ते, आणि शाळू तर सांगली-कोल्हापूरकडं रब्बी ज्वारीलाच म्हणतात. म्हणजे मालदांडीचं एकच पोतं घेतलं तर ते रब्बीतलं, दाणा पांढरा, आणि सांगलीकडचा माणूस त्याला शाळूच म्हणणार, मग ते पोतं लिहायचं कुठल्या ओळीत? जो लिहितो तो ठरवतो. आणि लोकल म्हणजे कुठलं लोकल, हे तर विचारूच नका.

आता कम्प्युटरला विचारा, आज रब्बी ज्वारी एकूण किती आली? तो गुपचूप 'रब्बी' लिहिलेल्या ओळींची बेरीज करून देणार. मालदांडी सोडून, शाळू सोडून. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, काही नाही, आकडा एकदम ठणठणीत दिसतो आणि चुकीचा असतो. मला विचाराल तर डेटाच्या धंद्यातली सगळ्यात वाईट चूक हीच.

[पडद्यावर: कोऱ्या कागदावर पेनानं गोल आणि बाण काढले जातायत]

यावर जे औषध आहे त्याचं नाव जरा जड आहे, डोमेन ऑन्टॉलॉजी. ऑन्टॉलॉजी हा शब्द मुळात तत्त्वज्ञानातला, 'असणं म्हणजे काय' असल्या चर्चेतला, तो कम्प्युटरवाल्यांनी उचलला. १९९३ मध्ये टॉम ग्रुबरनं त्याची जी व्याख्या दिली ती आजही सगळे सांगतात, आपल्या भाषेत सांगायचं तर एखाद्या विषयाचं जे चित्र आपण डोक्यात धरून चालतो ते उघडपणे, मशीनला वाचता येईल असं लिहून काढायचं. कुठल्या वस्तू आहेत, त्यांचं एकमेकींशी नातं काय, आणि कशाला काय चालतं काय नाही.

ज्वारीवरच करून बघू. मालदांडी हा एक वाण. वाण हा पिकाचा. हंगाम वेगळा, रंग वेगळा, बियाण्याचा प्रकार वेगळा. कणीस हा ताटाचा भाग, दाणा हा कणसाचा भाग, आणि कडबा? कडबा हा भाग नाही, दाणे काढून घेतल्यावर जे ताट वाळवून ठेवतो तो कडबा, म्हणजे नातं 'पासून मिळतो' असं. बघा, नुसत्या कडब्यावर दहा मिनिटं वाद होतो. आणि तो झालाच पाहिजे, कारण हाच वाद आधी मिटवला नाही तर पुढं दोन सॉफ्टवेअरमध्ये तोच वाद होतो आणि तिथं बोलायला कोणी नसतं.

मग लोक म्हणतात, अहो आमच्याकडं डेटाबेस आहे की, त्याचं मॉडेल पण काढलंय. असतंच. पण ते मॉडेल एका सॉफ्टवेअरच्या गरजेपुरतं असतं. व्यापाऱ्याला भाव पाहिजे, विमावाल्याला हंगाम पाहिजे, संशोधकाला वाण पाहिजे, प्रत्येकजण आपापला तुकडा कापून घेतो. ऑन्टॉलॉजी हे सगळ्यांच्या खालचं जोतं. आणि गणित पण सोपं आहे, दहा सिस्टीम एकमेकींशी थेट जोडायच्या तर ४५ जोड्या, प्रत्येक जोडीला वेगळा तर्जुमा. मधे एक सामायिक ऑन्टॉलॉजी ठेवली तर प्रत्येकानं फक्त तिच्याशी एकदा जोडायचं, दहात काम.

[पडद्यावर: ज्वारीचं कणीस एकदम जवळून, वरच्या टोकाला पिवळसर फुलोरा]

हे नुसतं पुस्तकी नाही बरं का. पिकांसाठी खरोखरची एक ऑन्टॉलॉजी आहे, क्रॉप ऑन्टॉलॉजी, सीजीआयएआर या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थांच्या गटानं चालवलेली, त्यात ज्वारीचा नंबर सीओ_३२४. तिची एक गोष्ट मला फार आवडते. नुसतं 'फुलोऱ्याचे दिवस' असं लिहून तिथं चालत नाही. तीन गोष्टी लागतात, गुण कोणता, मोजला कसा, आणि कुठल्या मापात.

कशाला एवढं? हे कणीस बघा. ज्वारीचा फुलोरा टोकापासून सुरू होतो आणि खाली उतरत येतो, त्याला काही दिवस लागतात. मग फुलोरा आला असं कधी म्हणायचं, टोकाला दिसला की अर्ध्या कणसापर्यंत आला की? एका झाडाला आला की प्लॉटमधल्या निम्म्या झाडांना? आणि दिवस मोजायचे पेरणीपासून की उगवणीपासून? एकानं ७० लिहिलं, दुसऱ्यानं ६४, तर वाण वेगळा असेल असं वाटतं, पण कदाचित वाण तोच असतो, मोजणाऱ्याची सुरुवात वेगळी.

गंमत म्हणजे आपल्या शेतकऱ्याकडं हे सगळं आधीपासून आहे. ज्वारी पोटरीत आली, निसवली, फुलोऱ्यात आली, चिकात आली, हुरड्यात आली. कुणाला पण विचारा, क्रम चुकणार नाही. कम्प्युटरच्या लोकांना कमिट्या बसवून जे करावं लागतं ते बांधावर कधीच झालंय, फक्त फॉर्म बनवताना त्या माणसाला कोणी विचारत नाही.

नावांचा घोळ तर वेगळाच. ज्वारी, जोंधळा, सोरघम, आणि मालदांडीला काही कागदांवर एम ३५-१ लिहितात. यावर उपाय असा की वस्तूला एक नंबर द्यायचा आणि नावं सगळी त्या नंबरला चिकटवायची. युनोच्या अन्न आणि शेती संघटनेचा ॲग्रोव्हॉक नावाचा शब्दसंग्रह असाच चालतो, १९८०च्या दशकापासून, आता ४० च्या वर भाषा आहेत त्यात. जीवशास्त्रात जीन ऑन्टॉलॉजी, १९९८ मध्ये माशी, यीस्ट आणि उंदीर यांच्यावर काम करणाऱ्या तीन डेटाबेसवाल्यांनी मिळून सुरू केली. तिथं एखादी संज्ञा बाद झाली तरी पुसत नाहीत, बाद असा शिक्का मारून ठेवतात, तो नंबर परत कोणाला देत नाहीत. जुन्या नोंदी वाचायच्या तर हे लागतंच.

[पडद्यावर: लॅपटॉपवर एक्सेल शीट, डावीकडं जात/प्रत, पुढं चार नवे रकाने]

हा व्हिडिओ करताना मी पण बसलो, त्या एका रकान्याचे चार करायला. वाण, हंगाम, रंग, बियाण्याचा प्रकार. मालदांडीच्या ओळी पटापट भरल्या. पांढरीला रंग भरला, बाकी तीन मोकळे ठेवले, माहीत नाही तर नाही, अंदाज घालायचा नाही. हायब्रीडचं पण तसंच. मग आलं लोकल. ओळखीच्या दोन आडत्यांना फोन केला, एक म्हणाला गावरान, दुसरा म्हणाला अहो ज्याचं नाव सांगता येत नाही ते सगळं लोकल.

चारही रकाने अजून मोकळेच आहेत तिथं.