शून्य टक्के आले म्हणून पेढे वाटू नका

नमस्कार मंडळी! मागच्या महिन्यात रात्री अकरा वाजता मैत्रिणीचा फोन आला. आवाज रडवेला. ‘अगं, १४ टक्के आलेत. संपलं सगळं.’ पीएच.डी. करणाऱ्यांना लगेच कळलं असेल, कशाचे ते. प्लेगरिझम रिपोर्टचे, म्हणजे आपला प्रबंध इतरांच्या लिखाणाशी किती टक्के जुळतो, ते सॉफ्टवेअरनं तपासून दिलेल्या अहवालाचे.

म्हटलं, रिपोर्ट पाठव आधी.

(स्क्रीनवर रिपोर्टचं पान)

हे बघा, लाल काय काय झालंय. संदर्भसूचीतली पुस्तकांची नावं. तळटीप देऊन घेतलेले उतारे. कायद्यातली कलमं. आणि हे, ‘प्रस्तुत संशोधनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत’. हे वाक्य कुणी कुणाचं ढापलं, ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही!

सॉफ्टवेअरला चोरी कळत नाही हो. त्याला फक्त जुळणारे शब्द दिसतात. म्हणूनच यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, श्रेय देऊन घेतलेले उतारे, कायदे हे सगळं मोजणीतून वगळायला सांगितलंय. योगायोगानं जुळलेले सलग १४ पर्यंत शब्दसुद्धा. एवढं वगळून १० टक्क्यांपर्यंत साम्य राहिलं तर शिक्षा नाही. ४० पर्यंत गेलं तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत दुरुस्त करून द्यायचं. ६० पर्यंत, वर्षभर थांबा. त्यावर गेलात तर रजिस्ट्रेशन रद्द.

मैत्रिणीचा रिपोर्ट काढताना ‘वगळा’च्या खुणाच केल्या नव्हत्या. त्या केल्यावर आकडा आला ६.

ती निदान फोन तरी करते. बाकीचे घाबरून ‘प्लेगरिझम कमी करून मिळेल’वाल्यांकडे जातात. तिथे होतं काय, तर शब्दाला शब्द बदलून मिळतो. इंग्रजी पेपरांमधले असले नमुने गियोम कबानाक या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर २०२१ मध्ये उजेडात आणले. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं झालं होतं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, म्हणजे बनावट जाणीव! आकडा कमी होतो, पण ही तर खरी चोरी, वर वेषांतर करून.

आता मराठीत थिसिस लिहिणाऱ्यांनी कान इकडे करा. तुमचा रिपोर्ट शून्य टक्के आलाय? मला तर शून्याचीच जास्त धास्ती वाटते. टायपिंग श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फाँटमध्ये असेल, तर तुम्हाला दिसतं ते मराठी, पण फाइलमध्ये आत साठलेली असतात भलतीच अक्षरं. सॉफ्टवेअर ती वाचतं आणि म्हणतं, असलं काही मी बापजन्मी पाहिलेलं नाही. शून्य! दुसरं म्हणजे शोधगंगेवरचे, भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या त्या ऑनलाइन संग्रहातले, जुने प्रबंध. कित्येक नुसते स्कॅन केलेले. पान म्हणजे फोटोच. त्यातली दहा पानं कुणी जशीच्या तशी उतरवली, तरी जुळवायला मजकूर कुठाय? व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षा घ्यायला, बसलेल्या एखाद्या जुन्या सरांना मात्र तो प्रबंध पाठ असतो, हे विसरू नका.

तपासायचं कसं? वर्डमधली एक ओळ कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी दिसलं तर युनिकोड आहे, म्हणजे फाइलमध्ये आतही मराठीच अक्षरं साठलीत. इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला, तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग रिपोर्ट काढा. कन्व्हर्टरवर डोळे मिटून विश्वास टाकू नका बरं का. रफार आणि जोडाक्षरांची तो पार वाट लावतो. एकदा सगळी पानं नजरेखालून घाला, निदान मुखपृष्ठावरचं गाईडचं नाव तरी.