क्षितिजापलीकडचा दुवा

विषय अवकाशाचा, म्हणजे युद्धातले ड्रोन उपग्रहांवरून चालवण्याचा असला तरी मी सुरुवात समुद्रापासून करतो. युक्रेनच्या मानवरहित नौका काळ्या समुद्रात पाण्यालगत धावतात. त्यांचा अँटेना पाण्यापासून जेमतेम मीटरभर वर असतो. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे तेवढ्या उंचीवरून क्षितिज चार किलोमीटरच्याही आत येतं. किनाऱ्यावर कितीही उंच मनोरा उभारा, साध्या रेडिओवर ही नौका फार लांब नेता येत नाही. तरीही अशा नौका शेकडो किलोमीटर जाऊन रशियन युद्धनौकांवर आदळल्या. पाठीवर इलॉन मस्क यांच्या कंपनीच्या स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेचं टर्मिनल होतं आणि डोक्यावर छोट्या उपग्रहांचं जाळं.

उपग्रहावरून ड्रोन चालवणं नवं नाही. अमेरिकेची रीपर ही मानवरहित विमानं कितीतरी वर्षं भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणाऱ्या, उपग्रहांवरून चालवली जात आहेत. पण भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. कॅमेऱ्याचं चित्र तिथपर्यंत जाऊन चालकाकडे उतरायला पाव सेकंद, चालकाची आज्ञा उलट जायला आणखी पाव. ताशी ७५ किलोमीटरने निघालेली नौका तेवढ्यात दहा मीटर पुढे गेलेली असते. समोरचं जहाज वळण घेत असेल, तर हे दहा मीटर निर्णायक ठरतात. साडेपाचशे किलोमीटरवरच्या उपग्रहाशी बोलताना हा प्रवास सेकंदाच्या काही हजाराव्या भागांत उरकतो. याची किंमत मात्र मोजावी लागते. इतक्या खालचा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरने पळतो आणि काही मिनिटांत क्षितिजाआड जातो. म्हणून एकाने दुसऱ्याला खो देत राहतील असे हजारो उपग्रह लागतात.

पाहण्याचं कामही असंच वाटून घेतलं जातं. फिनलंडच्या आइसआय कंपनीने २०१८ साली शंभर किलोपेक्षा हलका रडार उपग्रह सोडला. रडारला ढग आणि अंधार आड येत नाहीत. कालपर्यंत मोकळ्या असलेल्या माळावर आज धातूच्या वस्तू उभ्या आहेत, एवढं तो सांगतो. ते रणगाडे आहेत की ट्रॅक्टर, हे जवळ जाऊन ड्रोन पाहतो.

आता हे जाळं तोडायचं कसं? नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाने स्वतःचाच एक जुना उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. दीड हजारांहून जास्त मोठे तुकडे कक्षेत पसरले. हजारोंतला एक फोडून जाळं तुटत नाही, कचरा मात्र सर्वांच्या वाट्याला येतो. म्हणून खरा घाव जमिनीवर बसतो. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियाने युक्रेनवर केलेल्या आक्रमणाच्या पहाटे, व्हायासॅट या अमेरिकी कंपनीच्या का-सॅट या उपग्रह-इंटरनेट सेवेचे हजारो मोडेम सायबर हल्ल्याने निकामी झाले. तो उपग्रह भूस्थिर होता आणि त्याला ओरखडाही उठला नव्हता. दूर जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचा दूरसंपर्क मात्र तुटला. २४ जुलै २०२५ रोजी तर शत्रूचीही गरज पडली नाही. स्टारलिंकच्या अंतर्गत सॉफ्टवेअरमध्ये बिघाड झाला, सेवा सुमारे अडीच तास बंद राहिली आणि युक्रेनच्या आघाडीवरचे दुवे गेले.

मला सर्वांत अस्वस्थ करते ती तिसरीच शक्यता. रशियाच्या ताब्यातल्या क्रिमियातल्या सेव्हास्तोपोल या नौदल तळापर्यंत स्टारलिंकची सेवा सुरू करण्याची युक्रेनची विनंती आपण मान्य केली नाही, असं इलॉन मस्क यांनी २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलं. तो निर्णय बरोबर की चूक यावर मतभेद असतील. पण एका कंपनीचा मालक एका लष्करी मोहिमेची हद्द आखतो, ही गोष्ट मला मान्य होत नाही. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या सहाव्या कलमानुसार खासगी संस्थांच्या अवकाशातल्या कारवायांची आंतरराष्ट्रीय जबाबदारी त्या-त्या देशावर आहे. मग असा निर्णयही त्या देशाच्या सरकारने उघडपणे घ्यायला हवा.

दुवा आज ना उद्या तुटणारच, हे धरून अभियंते ड्रोनलाच लक्ष्य ओळखायला शिकवत आहेत. शेवटच्या टप्प्यात चालकाने निवडलेल्या लक्ष्याचा स्वतः पाठलाग करणारे ड्रोन युद्धात उतरलेही आहेत. संपर्क गेला तर काय करायचं, हे उड्डाणाआधीच यंत्रात लिहिलेलं असतं: परत फिर, घिरट्या घाल किंवा पुढे जा. ‘पुढे जा’ हा पर्याय ज्याने निवडला, त्या अधिकाऱ्याचं नाव त्या मोहिमेच्या नोंदीत असलंच पाहिजे, अशी माझी मागणी आहे. कारण दुवा तुटल्यावर लक्ष्याच्या शेजारी एखादी रुग्णवाहिका येऊन थांबली, तर ते पाहणारा माणूस तिथे कोणीही नसतो.