तीन मिनिटे झाली, वाढवायची का?

परगावचे फोन हाताने जोडून देण्याचा ट्रंक बोर्ड आज शोभेची वस्तू वाटेल. पण डाक-तार खात्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागलेल्या माणसाची उभी नोकरी याच्यासमोर बसून सरत असे. कॉल साधा, अर्जंट की लायटनिंग, म्हणजे सर्वांत तातडीचा, ते चिठ्ठीवर लिहायचे, पलीकडच्या गावची ऑपरेटर लाइनवर आली की दोरी खुपसून जोड द्यायची, घड्याळावर नजर ठेवून तीन मिनिटे झाल्याचे सांगायचे आणि बोलणे संपताच वेळ टाकून चिठ्ठी बिलासाठी पुढे सरकवायची.

सुपरवायझरच्या जागा मोजक्याच असल्याने या पदावर माणसे वर्षानुवर्षे अडकून पडत. ती कोंडी 1983 च्या अखेरीस फुटली: जागा रिकामी असो वा नसो, 16 वर्षे सेवा झालेल्यांना वरची श्रेणी देणारी कालबद्ध पदोन्नती योजना आली आणि 1990 मध्ये तिला 26 वर्षांच्या सेवेचा दुसरा टप्पा जोडला गेला. चौथ्या वेतन आयोगाच्या आकड्यांत सांगायचे, तर 975–1660 रुपयांच्या श्रेणीत लागलेला ऑपरेटर पहिल्या टप्प्याला 1400–2300 मध्ये आणि दुसऱ्याला 1600–2660 मध्ये जाई. त्यापुढची 2000–3200 ची श्रेणी मात्र थोड्यांच्याच वाट्याला येई. श्रेणी बदलली तरी बसायचे बहुधा त्याच बोर्डावर, त्यामुळे हिला बढती म्हणावे की उशिरा मिळालेली पगारवाढ, असा प्रश्न कोणी केला तर तो गैर म्हणता येणार नाही.

पगाराची ही घडी बसली ती नेमकी काम आटू लागण्याच्या सुमारास. 1960 मध्ये लखनौ–कानपूर मार्गावर सुरू झालेली एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट परगावी फोन लावण्याची सोय, ऐंशीच्या दशकात नाक्यानाक्यावरच्या पीसीओत, म्हणजे सार्वजनिक फोनच्या बूथवर, पोहोचली, तसे 180 या क्रमांकावर ट्रंक कॉल नोंदवणारे कमी झाले आणि ऑपरेटर चौकशी विभागात किंवा बिलाच्या खिडकीवर दिसू लागले. 31 जानेवारी 2020 रोजी भारत संचार निगम (बीएसएनएल) या सरकारी दूरसंचार कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन 78 हजारांहून अधिक कर्मचारी एकाच दिवशी बाहेर पडले. पन्नाशी गाठलेल्यांसाठीच ती योजना होती.

आता हे पद उरले आहे ते रुग्णालये, हॉटेले आणि सरकारी कार्यालयांत. सरकारी कायम नोकरी असेल तर वेतन आयोग लागू होतो. कंत्राटी ऑपरेटरला मात्र असा कोणताच टप्पा नाही. दृष्टिहीन उमेदवारांसाठी ही जागा पूर्वीपासून योग्य मानली गेली आहे, कारण शेकडो एक्स्टेन्शन तोंडपाठ असणाऱ्याला यादी उघडावी लागत नाही, आणि 'बाळंतीण वॉर्ड द्या हो' एवढे ऐकताच त्याचे बोट बटणावर गेलेले असते.