शांत दिवसांतला समुद्र: कारवार किनाऱ्याचा अंदाज घाटावरून वाचताना

(दृश्य: पहाटेचा खानापूर रस्ता, शेतांवर धुके, पश्चिमेकडे निघालेल्या गाड्या.)

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर वसले आहे, तरीही समुद्र बेळगावकरांना कधी परका वाटलेला नाही. इथल्या बाजारात बांगडा आणि तारली घाटाखालून येते, सीमाभाग म्हटले की बेळगाव, खानापूर आणि निपाणीच्या जोडीने हल्याळ, जोयडा आणि कारवार ही नावेही ओठांवर येतात, आणि सुट्टी लागली की खानापूर, रामनगर, जोयडा असा प्रवास करून अणशी घाट उतरणाऱ्या गाड्यांची रांग लागते. पावसाळ्यात राकसकोप जलाशयाचे पाणी किती चढले, हे आम्ही रोज एकमेकांना विचारतो. हिवाळ्यात कारवारला निघताना मात्र समुद्र कसा आहे, हे गाडीत बसणाऱ्यांपैकी कोणी विचारत नाही, कारण या दिवसांत समुद्र शांत असतो, हे सर्वांनी गृहीत धरलेले असते.

तो शांत असतो हे खरेच आहे. नोव्हेंबर ते मार्च या काळात कारवारसमोरच्या समुद्रात लाटांची उंची बहुतेक दिवस एक मीटरच्या आत राहते, तर जून ते सप्टेंबरमध्ये याच पाण्यात तीन मीटर आणि त्याहून उंच लाटा उठतात. पावसाळ्यातल्या त्या खवळलेल्या समुद्रामुळे आणि माशांच्या विणीच्या हंगामामुळे पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद ठेवली जाते. हिवाळ्यातल्या शांततेचे मुख्य कारण वाऱ्यात आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे परतले की अरबी समुद्राच्या या पट्ट्यावर जोराचा आणि दीर्घकाळ एकाच दिशेने वाहणारा वारा उरत नाही. पूर्वेकडून येणारे वारे सह्याद्रीच्या भिंतीने अडतात, आणि किनाऱ्यावर राज्य चालते ते दिवसाच्या खाऱ्या वाऱ्यांचे आणि रात्रीच्या मतलई वाऱ्यांचे.

(दृश्य: सकाळचे सात, टागोर किनारा, आरशासारखे पाणी. दूरवर देवगड बेटावरचा दीपस्तंभ.)

या दोन वाऱ्यांचे वेळापत्रक समजले की हिवाळ्यातल्या समुद्राचे अर्धे गणित सुटते. रात्री जमीन लवकर थंड होते, घाटाकडची गार हवा काळी नदीच्या खोऱ्यातून खाली उतरते आणि पहाटे समुद्राकडे वाहते, त्यामुळे लाटांचे माथे न विस्कटता सुबक, गुळगुळीत राहतात. सकाळी नऊ-दहापर्यंत हा वारा मंदावतो. मग थोडा वेळ हवा अगदी पडते, आणि दुपारकडे जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुरू होतो, जो तीन-चारच्या सुमारास सर्वांत जोरात असतो आणि सूर्य मावळल्यावर ओसरतो. फेब्रुवारीपासून पुढे जमिनीचे ऊन वाढत जाते तसा हा वारा अधिक बळकट होतो. किनाऱ्याजवळ आखूड, फुटक्या, पांढऱ्या शेंड्यांच्या लाटा त्यानेच उठतात. म्हणजे एकाच दिवशी, एकाच किनाऱ्यावर सकाळचा समुद्र आणि सायंकाळचा समुद्र वेगळा असतो, आणि दिवसभरासाठी दिलेला एकच आकडा हा फरक सांगत नाही.

अंदाज देणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत, आणि त्यांचे काम विश्वासार्ह आहे. हवामान खाते 1875 पासून काम करते आणि किनारपट्टीसाठी, मच्छीमारांसाठी इशारे काढते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था 1999 साली स्थापन झाली. समुद्राच्या अवस्थेचा अंदाज, म्हणजे लाटांची उंची, त्यांची दिशा, दोन लाटांमधला काळ, वारा आणि प्रवाह, ती रोज प्रसिद्ध करते. अडचण अंदाजाच्या अभावाची नाही. तो घाटावरच्या माणसापर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचला तरी त्यातला फक्त पहिला आकडा वाचला जातो, ही खरी अडचण आहे.

हा पहिला आकडा म्हणजे लाटेची उंची. अंदाजात दिलेली उंची ही सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, सर्वांत मोठ्या लाटेची उंची नसते. त्याच समुद्रात अधूनमधून एखादी लाट त्या आकड्याच्या जवळपास दुपटीची येते, आणि त्यात बिघाड किंवा वादळ असे काही नसते. ते समुद्राचे नेहमीचे वागणे आहे. अंदाजात पाऊण मीटर असे वाचून गुडघाभर पाण्यात मूल उभे करणाऱ्या पालकांना हे ठाऊक असायला हवे.

दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा, आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. दोन लाटांमध्ये किती सेकंदांचे अंतर आहे, हे तो सांगतो. खाऱ्या वाऱ्याने जवळच उठलेली लाट चार-पाच सेकंदांनी येते. तिची लांबी पंचवीस ते चाळीस मीटर असते आणि तिचा जोर पाण्याच्या वरच्या थरातच राहतो. चौदा सेकंदांनी येणारी लाट मात्र खोल समुद्रात सुमारे तीनशे मीटर लांब असते, दीडशे मीटर खोलीपासून ती तळाशी झुंजू लागते, आणि उथळ पाण्यात शिरताना उंच होत जाते. ढोबळ हिशेबाने, खोल पाण्यात ऐंशी सेंटीमीटर उंचीची पाच सेकंदांची लाट किनाऱ्यावर साधारण एक मीटरची होऊन फुटते. तेवढ्याच उंचीची चौदा सेकंदांची लाट जवळपास दीड मीटरची होते, आणि तिच्यामागे पाण्याचा फार मोठा लोंढा असतो. अंदाजाच्या पहिल्या रकान्यात दोन्ही दिवस सारखेच दिसतात.

अशी लांब लाट येते कुठून, हा प्रश्न रास्त आहे, कारण कारवारला त्या दिवशी वाराही नसतो. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला, चाळीस ते पन्नास अंश दक्षिण अक्षांशांच्या पट्ट्यात, वर्षभर वादळे घोंघावत असतात. तिथे उठलेल्या लाटा वादळाचा टापू सोडून उत्तरेकडे निघतात, वाटेत आखूड लाटा विरून जातात आणि लांब लाटांचे जथे तासाला सुमारे चाळीस किलोमीटरच्या वेगाने साडेसहा हजार किलोमीटरांचे अंतर कापून सहा-सात दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात. हवामानाच्या भाषेत यांना स्वेल म्हणतात. मार्च 2024 च्या अखेरीस केरळच्या किनाऱ्यावर निरभ्र आकाशाखाली समुद्र वस्त्यांमध्ये घुसला, तोही असल्याच लाटांनी, ज्यांचा उगम आठवडाभर आधीच्या दक्षिण महासागरातल्या वादळात होता. कारवारला अशा लाटांचा जोर केरळइतका येत नाही. तरी दक्षिणेकडून बारा सेकंदांपेक्षा जास्त अंतराची लाट अंदाजात दिसली, तर आकाश कितीही निळे असले तरी तो दिवस शांत धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिवाळ्यात उत्तरेकडूनही पाहुणे येतात. अरबस्तानात शमाल नावाचे वायव्येचे वारे सुटले की त्यांनी उठवलेल्या लाटा दोन-तीन दिवसांत गोवा आणि कारवारपर्यंत पोहोचतात. त्यांचे अंतर साधारण सहा ते आठ सेकंदांचे असते आणि त्या काही दिवसांत निवळतात. चक्रीवादळे या महिन्यांत क्वचित येतात, तरी 2017 च्या नोव्हेंबरअखेरचे ओखी वादळ विसरता येत नाही. ते लक्षद्वीपवरून गुजरातकडे सरकत असताना साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर लाटा चढल्या होत्या.

(दृश्य: रापणीचे दोर. ओल्या वाळूत रुतलेल्या टाचा. निवेदन थोडा वेळ थांबते.)

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणारी माणसे हे सगळे आकड्यांशिवाय जाणतात. होडी जाळे टाकत अर्धवर्तुळ करून परत येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर दोन रांगा धरतात, आणि ओढ सुरू होण्यापूर्वी तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, काही वेळ नुसता पाण्याकडे बघत उभा राहतो. लाटा समान अंतराने येत नाहीत, जथ्याने येतात. चार-पाच मोठ्या लाटा, मग काही मिनिटे जवळजवळ काहीच नाही, मग पुन्हा मोठ्या. तांडेल ही मधली उसंत हेरतो आणि होडी त्या उसंतीत ढकलली जाते. किनाऱ्यावर नव्याने आलेला माणूस नेमकी तीच उसंत पाहून समुद्र शांत आहे असे ठरवतो आणि पाण्यात उतरतो. दहा-पंधरा मिनिटे कोरड्या वाळूवर थांबून, मनगटावरच्या घड्याळात दोन लाटांमधले सेकंद मोजून पाहणे एवढे कोणालाही जमण्यासारखे आहे.

किनाऱ्यावर चढलेले पाणी कुठून तरी परत जावे लागते, आणि ते अरुंद वाटेने एकवटून परत जाते तेव्हा माणसाला आत खेचते. ही वाट बघायला शिकता येते: दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधल्या पट्ट्यात त्या फुटत नाहीत, पाणी गडद दिसते, फेस आणि कचरा बाहेरच्या दिशेने सरकतो. पोहता न येणाऱ्याला नेमका हाच पट्टा सुरक्षित वाटतो, कारण तिथे लाट अंगावर येत नाही. ओढ लागली तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. तरंगत राहावे, शक्य असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याच्या बाहेर यावे, आणि हात वर करून मदत मागावी. मागून दुसऱ्याने उडी घेण्याऐवजी दोर, रिकामा कॅन, फुगवलेली ट्यूब असे काही फेकावे.

15 एप्रिल 2017 रोजी मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला गेलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या गटातले आठ जण बुडाले. बेळगाव त्या दिवशी हादरले होते. डिसेंबर 2024 मध्ये मुर्डेश्वरला शाळेच्या सहलीतल्या चार मुली गेल्या. दोन्ही घटनांमधले महिने पाहावेत: एप्रिल आणि डिसेंबर. पावसाळ्यातला समुद्र माणसाला आपण होऊन दूर ठेवतो, शांत महिन्यांतला आत बोलावतो, म्हणून घाटावरच्या माणसाने अंदाज वाचायला शिकण्याची खरी गरज याच महिन्यांत आहे, आणि प्रत्येक सहलीच्या परवानगीपत्राला त्या दिवसाचा समुद्राचा अंदाज जोडला जावा, असे मला मनापासून वाटते.

(दृश्य: सदाशिवगडावरून दिसणारे काळी नदीचे मुख, पलीकडे देवबागचा किनारा, समुद्रात कूर्मगड बेट.)

आता भरती-ओहोटी. दिवसातून दोनदा भरती येते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. कारवारला प्रत्यक्षात ती थोडी मागे-पुढे होते, पण नियोजनासाठी हा हिशेब पुरेसा आहे. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, पाणी सुमारे दोन मीटरपर्यंत चढ-उतार करते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीला, तो फरक बराच कमी होतो. काळीच्या मुखाशी या फरकाला फार महत्त्व आहे. ओहोटीचे पाणी आणि नदीचे पाणी एकत्र बाहेर पडते, त्याच वेळी समोरून खारा वारा आणि लाटा आत येतात, आणि दोहोंच्या टकरीत लाट उभी आणि आखूड होते. मोठ्या बोटीला ते जाणवतही नाही, खचाखच भरलेल्या लहान होडीला ते झेपत नाही. 21 जानेवारी 2019 ला, पौष पौर्णिमेला, कूर्मगडावरच्या नरसिंहाच्या जत्रेहून परतणारी होडी उलटून डझनाहून अधिक माणसे दगावली. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. तो दिवस उधाणाचा होता, आणि महिना वर्षातल्या सर्वांत शांत महिन्यांपैकी एक.

माघातला शुद्ध अष्टमी ते पौर्णिमा हा आठवडा समोर ठेवला, तर कारवारचा अंदाज साधारण पुढीलप्रमाणे वाचता येतो. आकाश निरभ्र, पावसाची शक्यता नाही. सकाळी खाडीवर विरळ धुके, दुपारी तापमान तिशीच्या पुढे. लाटा अर्धा ते पाऊण मीटर, सकाळी गुळगुळीत, दुपारनंतर विस्कटलेल्या. सर्फिंग शिकणाऱ्यांना कारवारच्या आडोशाच्या उपसागरात फारसे काही मिळणार नाही, गोकर्णाच्या कुडले किनाऱ्यावर पहाटेचे दोन-तीन तास बरे जातील, आणि अनुभवी सर्फरांना दक्षिणेकडून लांब लाटेची वाट पाहावी लागेल. शमालची लाट आली तर दोन-तीन दिवस उंची एक मीटरपर्यंत जाईल.

बेळगावहून जाणाऱ्यांसाठी यातली मुख्य गोष्ट वेळेची आहे. पहाटे पाच-साडेपाचला निघालेली गाडी दहाच्या सुमारास कारवारला पोहोचते, त्या वेळी वारा पडलेला असतो. मग मंडळी नाश्ता करतात, युद्धनौकेचे संग्रहालय पाहतात, माशांचे जेवण होते, थोडी विश्रांती होते, आणि चारच्या पुढे सगळे पाण्यात उतरतात. पौर्णिमेच्या आसपास भरती अकराच्या सुमारास पूर्ण होते आणि दुपारभर पाणी ओसरत पाचपर्यंत तळाला जाते. म्हणजे खाऱ्या वाऱ्याचा जोर, उधाणाची ओहोटी आणि सहलीचा पाण्यात उतरण्याचा मुहूर्त एकाच वेळी जुळून येतो. पौर्णिमेजवळच्या शनिवारी-रविवारी पाण्यात उतरायचे असेल तर पोहोचल्याबरोबर, साडेदहा ते साडेबाराच्या दरम्यान, कमरेच्या आतल्या पाण्यात आणि जीवरक्षकाच्या नजरेसमोर उतरावे. देवबाग किंवा कूर्मगडाकडे होडीने जायचे असेल तर सकाळी जाऊन दुपारी दोनच्या आत परतावे, आणि जीवरक्षक जॅकेट अंगावर चढल्याशिवाय होडीत पाय ठेवू नये. अष्टमी-नवमीच्या सुमारास जाणाऱ्यांना पाण्याची ओढ कमी लागेल, मात्र दुपारचा वारा त्यांनाही चुकणार नाही.