पडद्यावरचा गड

हा पडदा बघा. डिचोली तालुक्यातल्या एका देवळाच्या सभामंडपात उत्सवाच्या नाटकासाठी लावलाय, त्यावर गड, तटबंदी, मागे ढग, आणि अगदी जवळ गेलं की ब्रशचे फटकारे दिसतात. शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात बाबूराव मेस्त्री असेच पडदे रंगवायचे, लोक त्यांना पेंटरच म्हणायला लागले, आणि या पेंटरांनीच १९२३ साली 'सिंहगड' हा मूकपट काढला.

गोष्ट तानाजीची, हरि नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीतली. आता तानाजी गड चढला रात्री, आणि त्या काळी शूटिंग व्हायचं भर उन्हात, कारण फिल्मला उजेडच तेवढा लागायचा. मग बाबूरावांनी आर्क लाइट लावले. म्हणजे कार्बनच्या दोन कांड्या, त्यांच्यातनं करंट सोडायचा, टोकं जराशी लांब केली की मधे डोळे दिपतील असा लखलखाट, आणि कांड्या जळून झिजतात म्हणून त्या सारख्या जवळ सरकवत राहायच्या. आपल्याकडे कृत्रिम उजेडात शूटिंग केलेला हा पहिला सिनेमा मानतात.

बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला कॅमेरासुद्धा कोल्हापुरातच बनवलेला. त्यांच्यासोबत पडदे रंगवणारे आनंदराव पेंटर आणि बाबूराव दोघं त्याच्या मागे लागले होते, आनंदराव १९१६ मध्ये गेले, तरी बाबूरावांनी काम सोडलं नाही, सहकारी विष्णुपंत दामल्यांना हाताशी घेऊन पुरं केलं. हाताने हँडल फिरवायचं, सेकंदाला साधारण दोन फेरे, वेग चुकला की पडद्यावर माणसं एकतर पळणार नाहीतर रेंगाळणार.

इथे रंगपटात शेलारमामांना पांढऱ्या मिशा चिकटवतायत. हे काका दिवसा बस चालवतात. 'सिंहगड'मधले शेलारमामा होते व्ही. शांताराम, तेव्हा विशी नुकतीच ओलांडलेली!

गर्दी इतकी झाली की ती बघूनच सरकारने करमणूक कर लावला असं सांगतात. तो सिनेमा आज कुठेच बघायला मिळत नाही.

हा पडदा मात्र अजून आहे. खालचा काठ उंदरांनी खाल्लाय, पावसाळ्याच्या ओलीने आकाशाचा रंग सुटतोय. पुढच्या वर्षी फ्लेक्स लावूया असं काही जण म्हणत होते, आम्ही हात जोडून सांगितलं की फ्लेक्स लावा हवा तर, पण हा टाकू नका. तुमच्या देवळाच्या माळ्यावर असा एखादा गुंडाळून पडला असेल तर खाली काढा, सावलीत पसरा, निदान नीट फोटो तरी काढून ठेवा.

तिसरी घंटा झाली. दोरी ओढतायत.