उपाशी पोटी आलेला मोह

श्रोतेहो, नमस्कार. गेल्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीचा ख्रिस्ती उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या भागातील अनेक भाविकांनी कपाळावर राख लावून घेतली. ही राख बहुधा गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित झालेल्या झावळ्या जाळून केलेली असते. त्या दिवसापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर 46 दिवस भरतात; मधले 6 रविवार उपवासाचे धरत नाहीत, म्हणून उरतात ते 40.

येशूने अरण्यात 40 दिवस आणि 40 रात्री उपवास केला आणि त्यानंतर त्याला भूक लागली, असे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे. सैतान बोलायला येतो तो नेमका या घटकेला, आणि त्याची पहिली सूचना अशी की, या धोंड्यांच्या भाकरी कर. मराठी बायबलमध्ये शब्द 'भाकरी' असाच आहे, आणि आपल्याकडे हा काळ ज्वारीच्या काढणी-मळणीचा असल्यामुळे तो वाचताना तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या भाकरीचा वास आल्यावाचून राहत नाही. उपाशी माणसाने भाकरी खावी, यात वावगे काय आहे? मोह येतो तो असा, अगदी वाजवी कारण हातात घेऊन. पुढे तर सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर उभे करून 91व्या स्तोत्रातले वचनच म्हणून दाखवतो. शास्त्र पाठ असले म्हणजे मोहापासून सुटका झाली, असे समजणाऱ्या माझ्यासारख्यांनी येथे जरा थांबलेले बरे. येशूची तिन्ही उत्तरेही शास्त्रातलीच आहेत, जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या ग्रंथातली. परंतु तो ती स्वतःच्या सोयीसाठी वाकवत नाही.

कॅथलिक चर्चचा नियम तसा सौम्य आहे. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे दोनच दिवस 18 ते 59 वर्षांच्या माणसांना उपवास बंधनकारक असतो, आणि तेव्हाही एक पूर्ण जेवण चालते. बाकी आपण काय सोडायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. काही वर्षांपूर्वी मी चहा सोडला होता. बेळगावचा गोड कुंदा आधीच सोडलेला होता, पण तो डॉक्टरांच्या सांगण्यावरून, त्यामुळे त्याचे पुण्य मला धरता येत नव्हते. चहा मी निष्ठेने सोडला आणि तो सोडल्याचे भेटेल त्याला सांगितलेही.

त्याच दिवसांत आमच्या चर्चमध्ये वाद पेटला होता. रविवारची सकाळी आठची मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, मराठीत व्हावी की कन्नडमध्ये, असा तो वाद होता. आपल्या सीमाभागात असा प्रश्न निघाला की तो केवळ वेळापत्रकाचा राहत नाही, हे आपण जाणताच. एका बैठकीत मी एका वयस्कर कन्नड भाषक गृहस्थांना सर्वांदेखत तोडून बोललो. माझा मुद्दा योग्यच होता, आजही मला तो योग्य वाटतो. आणि तेच अवघड होते, कारण आपले बरोबर असल्याची खात्री माणसाला जितकी कठोर करते तितके दुसरे काही क्वचितच करत असेल. पुढचे तीन आठवडे मी त्यांच्याकडे पाहिले नाही. चहाचा मात्र एक घोटही घेतला नाही.

उपवासकाळातल्या पाचव्या शुक्रवारी क्रुसाची वाट ही येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना संपल्यावर मी पायऱ्यांवर चपला शोधत होतो. ते गृहस्थ शेजारीच वाकून स्वतःच्या चपला शोधत होते. आता तोंड चुकवायला जागा नव्हती. मी माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये विचारले, "ऊट आतेन्री?" जेवण झाले का, एवढाच त्याचा अर्थ. त्यांनी क्षणभर माझ्याकडे रोखून पाहिले आणि मराठीत म्हणाले, "नाही हो, आज उपास."

दोन्ही भाषांत तो शब्द एकच आहे, हे तोवर माझ्या कधी लक्षात आले नव्हते.