मदतनीसाची रिकामी जागा

खुल्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-वापरता येतो अशा सॉफ्टवेअरवर, धंदा उभा करणाऱ्या कंपनीने परत काही द्यावं का? कायद्यापुरतं बोलायचं तर फारसं बंधन नाही. एमआयटी, अपाची हे परवाने श्रेय आणि परवान्याचा मजकूर ठेवा म्हणतात. जीपीएल हा परवाना म्हणतो, सॉफ्टवेअर पुढे दुसऱ्याला दिलंत तर सोर्स कोडही (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर) द्या. पैसे कुणीच मागत नाही. तरीही द्यायला हवं, असं मला ठामपणे वाटतं, आणि त्याचं कारण 'एक्सझेड'च्या प्रकरणात आहे.

एक्सझेड म्हणजे फाइल आकुंचित करणारं साधन. लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जवळपास प्रत्येक वितरणात (तयार आवृत्तीत) ते असतंच. फिनलंडचे लासे कॉलिन ते वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्याने, पगाराविना सांभाळत होते. 2022 मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे तगादा लावला: पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) का अडकलेत, नवीन रिलीज कधी? हे बिनपैशाचं, छंदाचं काम आहे, असं त्यांनी तेव्हा उघड लिहिलं. 'जिया तान' नावाचं एक खातं त्याआधीपासून मदत करत होतं. पॅच नेटके, वागणं नम्र. हळूहळू रिलीज काढण्याचे अधिकार त्या खात्याकडे गेले, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या 5.6.0 आवृत्तीत एसएसएचमधून (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे लॉगिन करायची सोय) सर्व्हरमध्ये शिरता येईल असा चोरदरवाजा निघाला.

एवढी वर्षं हे साधन फुकट वापरणाऱ्या बड्या कंपन्यांपैकी एकीने जरी आपला एक इंजिनिअर आठवड्यातून एक दिवस तिकडे दिला असता, तर? मदतनीसाची जागा रिकामी होती. ती हल्लेखोराने भरली.

आता हे पकडलं कुणी, तेही बघा. आंद्रेस फ्रॉइंड. मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला, पण काम पोस्टग्रेस या खुल्या डेटाबेसवर. डेबियन या लिनक्स वितरणाच्या 'अनस्टेबल' (अजून स्थिर न झालेल्या) आवृत्तीवर वेग मोजताना त्यांना एसएसएचचं लॉगिन सुमारे अर्धा सेकंद जास्त घेताना दिसलं. ते खोदत गेले आणि 29 मार्च 2024 रोजी त्यांनी सगळं जाहीर केलं. चोरदरवाजा तोवर मोठ्या वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत पोहोचला नव्हता. एका कंपनीने खुल्या प्रकल्पावर काम करायला दिलेला पगार अशा रीतीने सगळ्यांच्या कामी आला.

पैसा लागतोच. 2014 मध्ये हार्टब्लीड ही सुरक्षेतली मोठी चूक ज्यात उघड झाली, त्या ओपनएसएसएल या इंटरनेटवरची माहिती सांकेतिक करणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरला तेव्हा देणग्या मिळत होत्या वर्षाला साधारण दोन हजार डॉलर! आपल्याकडे झेरोधा या शेअर ब्रोकर कंपनीने 2024 मध्ये खुल्या प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, त्याचं मनापासून कौतुक आहे. पण चेकने पॅच तपासले जात नाहीत, त्याला माणूस लागतो. हिंजवडी-खराडीत तुमच्यापैकी अनेकांनी बग दुरुस्त केलेत आणि ते कंपनीच्या खासगी कॉपीतच पडून आहेत, कारण बाहेर पाठवायला लीगलची परवानगी नाही. दर अपडेटला तोच पॅच पुन्हा बसवायचा, हा खर्च कंपनीचाच. मॅनेजरला हा हिशेब दाखवा, परवानगी लेखी मागा, आणि ते तास टाइमशीटवर कामाचे म्हणून लावून घ्या.